पाय पुण्यालाच दाखवू

२ जून, सोमवार. सकाळी ६.४०
डाव्या पोटरीवरची शीर आज जास्तच फुगलीय. निळी, वेडीवाकडी. घोट्याजवळ काळपट डागही आलाय. घाबरण्यासारखं काही नाही, फक्त नोंद म्हणून लिहितोय. दोनदा हात लावून पाहिला, तिसऱ्यांदा धीर झाला नाही.
वसुधाला सांगायचं नाही. बायका उगाच घाबरतात.

३ जून
सांगितलं. घाबरली नाही. डॉक्टरकडे जाऊ म्हणाली. तिचेही पाय संध्याकाळी भरून येतात म्हणे. शाळेत दिवसभर फळ्यासमोर उभं राहिल्यावर येणारच, मी म्हटलं. माझं वेगळं आहे.

५ जून, गुरुवार
दोघं सेक्टर २२ मधल्या डॉक्टरीणबाईंकडे. व्हेरिकोज व्हेन्स. शिरांमधल्या झडपा सैल झाल्यात, रक्त वर चढत नाही, खालीच साचतं. उपाय: घट्ट स्टॉकिंग्ज, चालणं, पाय उंच ठेवून झोपणं. त्याने भागलं नाही तर इंजेक्शन, नाहीतर लेझर. लेझरने शीर आतून जाळतात, बाई म्हणाल्या. हसत म्हणाल्या.
त्यापुढचं मला काही ऐकू आलं नाही. आधी डॉपलर सोनोग्राफी करायचीय आणि टाळाटाळ केली तर डागाची जखम होईल, हे वसुधाने घरी आल्यावर सांगितलं.
निर्णय पक्का: जे काही करायचं ते पुण्यात, आपल्या माणसांत. चंदीगडला येऊन तीन वर्षं झाली, या महिन्यात बदली होणारच. आमच्याकडे पडदे, नवा गीझर, ऋताचा कथकचा क्लास, सगळं बदली झाली की. पायही तेव्हाच.

९ जून, सोमवार
तोवर शिस्त. रोज पहाटे पाचला सुखना लेक, चार किलोमीटर. स्टॉकिंग्ज अंथरुणातून उठायच्या आधी चढवायचे असतात. चढवेपर्यंत साडेसात वाजले. लेक उद्यापासून.
बाहेर ४४ डिग्री. अकरा वाजता ऑफिसच्या बाथरूममध्ये काढले आणि बॅगेत ठेवले. पाय उंच ठेवायला ड्रॉवर उघडला, तेवढ्यात साहेब आले.

१२ जून
शेजारच्या टेबलावरचे विजयकुमारजी म्हणाले, मुल्लानपूरकडे एक वैद्य जळवा लावतात. पोट भरलं की आपोआप गळून पडतात. डबा तसाच परत आणला.
इंटरनेटवर पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पाहिलं. पायातली गाठ फुफ्फुसात जाऊ शकते. छातीत धडधडतंय. ऋताला म्हटलं, माझं काही बरंवाईट झालं तर आईला सांभाळ. मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "पापा, पहले डॉपलर तो करा लो."

१७ जून, मंगळवार
बदल्यांची यादी लागली. माझं नाव चंदीगडमध्येच. आणखी दोन वर्षं. सगळ्यांनी अभिनंदन केलं, साहेबांनी बर्फी दिली.

१९ जून, गुरुवार
डॉपलर. युक्ती केली. वसुधाला म्हटलं, तुझेही दुखतात ना, मग आधी तू झोप टेबलावर. दुखतं का ते कळलं असतं. पायावर गार जेल लावून यंत्र फिरवतात. अजिबात दुखत नाही म्हणाली. मग मी.
बाई बराच वेळ तिच्याच रिपोर्टकडे पाहत होत्या. माझी एक शीर बिघडलीय. तिच्या उजव्या पायातल्या दोन, आणि माझ्यापेक्षा जास्त. कधीपासून दुखतंय, बाईंनी विचारलं.
"अडीच वर्षं," वसुधा म्हणाली. "यांची बदली झाली की दाखवणार होते."
घरी येईपर्यंत तिच्याकडे बघवलं नाही. फार लाज वाटली.

२४ जून, मंगळवार
शाळेची सुट्टी संपायच्या आत वसुधाने तारीख घेतली. आज तिचं लेझर. मी आधार द्यायला. नर्सने फॉर्मवर सही करायला आत बोलावलं. ट्रेमध्ये सुई दिसली. पुढचं ऋताकडून कळलं.
तासाभराने वसुधा बँडेज बांधून आपल्या पायांनी बाहेर आली. लगेच अर्धा तास चाला, असं बाईंनी तिला सांगितलं होतं. म्हणून पार्किंगपर्यंत माझी व्हीलचेअर तिनेच ढकलली.
मी मागे न बघता म्हटलं, "मला फार भीती वाटते गं."
"माहितीये," ती म्हणाली. "गुरुवारची तारीख घेतलीये तुमची."