तक्रार करायला शिकताना

३ मार्च २०११, गुरुवार

झाली एकदाची आजारभत्त्याची तपासणी! उगाच आठवडाभर घाबरत होते. तपासणारी मुलगी गोड होती. कॉम्प्युटरवर टकटक करता करता म्हणाली, "कशा आहात?" मी म्हटलं, "तक्रार करण्यासारखं काही नाही." आता खुशाली विचारली की माणूस दुसरं काय म्हणणार? आमच्या लँकाशायरमध्ये तर दुसरं काही म्हणतच नाहीत. आई मरायच्या आदल्या दिवशी डॉक्टरला हेच म्हणाली होती.

निळा कोट घातला होता, केस सेट करून घेतले, लिपस्टिकसुद्धा लावली. सरकारी माणसापुढे गबाळं जायचं का? तिने विचारलं — कपडे स्वतः घालता? चहा स्वतः करता? सगळ्याला हो म्हटलं. खोटं कशाला बोलू! घरातलं माझं माझं मी करते. शाळेच्या स्वयंपाकघरातली पातेली ह्या सांधे धरलेल्या बोटांना उचलत नाहीत, म्हणून तर गेल्या मे महिन्यात घरी बसावं लागलं. चारशे पोरांचा रस्सा म्हणजे चेष्टा नव्हे.

निघताना तिला म्हटलं, "दमलीस गं पोरी, जरा चहा घे." खूप हसली.

८ मार्च, मंगळवार

माझा नवरा नेव्हिल सहाला बसडेपोत गेला. तो बस धुतो, आत-बाहेर. तो गेला की मी उठते, चहा घेऊन मागच्या खिडकीत बसते. टेकडीवरून धुकं उतरतं, मग शेजारच्या एंटविसलांच्या धुराड्यावर कावळा येतो. सव्वीस वर्षं मी सकाळ अशी पाहिलीच नव्हती, नुसती शाळेच्या स्वयंपाकघरातली वाफ पाहिली. बोटं ठणकतात, आणि मी मजेत आहे. आजारभत्ता घेणाऱ्या बाईने खिडकीत बसून हसावं की नाही, ते फॉर्ममध्ये कुठे लिहिलेलं नाही. विचारायची हिंमत नाही.

२२ मार्च, मंगळवार

शून्य!

पंधरा गुण मिळाले तर माणूस आजारी. मला शून्य. गणितातसुद्धा मला कधी शून्य मिळालं नव्हतं. पत्रात लिहिलंय — "पेहराव नीटनेटका. आनंदी. कोणतीही तक्रार नसल्याचे स्वतः सांगितले." म्हणजे मी कामाला ठणठणीत. भत्ता बंद.

नेव्हिलने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि बागेत जाऊन कांद्याच्या वाफ्यातलं गवत उपटत बसला. त्याची रागवायची पद्धत ही.

२३ मार्च, बुधवार

शेजारची विनी एंटविसल आली. पंच्याहत्तरीची, पण सरकारी कागदांच्या बाबतीत वकिलाला पाणी पाजेल. तिच्या नवऱ्याची छाती खाणीत गेली, त्याचे सगळे फॉर्म हिने भरले. पत्र वाचून म्हणाली,

"लिपस्टिक लावली होतीस?"

"लावली होती."

"कोट?"

"निळा."

"डोरीन, तू तपासणीला गेली होतीस का कुणाच्या लग्नाला?"

मग स्वतःच खुर्चीत बसून अपिलाचा कागद भरायला घेतला. म्हणाली, अपील चालू आहे तोवर डॉक्टरची चिठ्ठी देत राहायची, थोडा भत्ता मिळतो. हरलो तर तोही गेला, आणि मग मला नोकरी शोधत फिरायचं. ह्या बोटांना कोण नोकरी देणार? आणि शाळेत परत उभी राहिले तर उकळतं पातेलं कुणाच्या तरी पायावर सांडेन, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याचीच भीती वाटते. पैशाची नंतर.

१४ एप्रिल, गुरुवार

टॅक्स क्रेडिटवाल्यांना फोन. नेव्हिलचा पगार तुटपुंजा, म्हणून सरकार वरून चार पैसे घालतं. माझ्या भत्त्यात काही इकडचं तिकडे झालं की त्यांना महिन्याच्या आत कळवायचं, नाहीतर दिलेलं परत मागतात. चाळीस मिनिटं त्यांनी फोनवर लावून ठेवलेली बासरी ऐकली. मग एक बाप्या लाइनवर आला.

"म्हणजे तुम्ही आता बऱ्या झालात?"

"नाही."

"मग आजारी आहात?"

"तसंही नाही म्हणतात."

"मग मी इथे काय लिहू, बाई?"

"तुमच्याकडे कोणता चौकोन रिकामा आहे?"

बिचारा हसायला लागला. त्याच्या आईलाही सांध्याचंच दुखणं. गरम मेणात बोटं बुडवते म्हणे. शेवटी त्याने "अपील सुरू" असं लिहिलं, आणि मी मेण आणायचं लिहून ठेवलं. दिवस फुकट गेला नाही.

९ मे, सोमवार

शाळेतल्या बायकांनी बटाट्या-कांद्याचा बटर पाय पाठवला. कडेने करपलेला. माझ्या हाताखाली असं झालं नसतं! सगळा खाल्ला.

१७ जून, शुक्रवार

विनी मला तक्रार करायला शिकवते आहे! दर शुक्रवारी, मासे आणि चिप्स खाऊन झाल्यावर. ती अधिकारी, मी मी.

"कशा आहात, बाई?"

"तशी बरी—"

"चूक! कशा आहात?"

"थोडंसं दुखतं, पण—"

"पण नाही! पण म्हटलंस की मेलीस. तुझा सगळ्यात वाईट दिवस सांग."

सगळ्यात वाईट दिवस आठवायला बसले तर आठवेना. थंडीतला तो एक, जिन्यात बसून राहिले होते तो? पण त्या दिवशी नेव्हिलने जिन्यातच सूप आणून दिलं आणि आम्ही दोघं तिथेच बसून रेडिओ ऐकला. छानच गेला की! विनीने कपाळाला हात लावला. "तुझ्यापेक्षा माझा मेलेला नवरा चांगला कण्हायचा," म्हणाली. हसून हसून दोघींना ठसका लागला.

११ ऑगस्ट, गुरुवार

सुनावणीची तारीख आली. ११ ऑक्टोबर.

नेव्हिल म्हणाला, "मी येतो."

"तुझी रोजी बुडेल."

"बुडू दे."

त्याला बजावलं — ये, पण गप्प बस. माझ्यासाठी कुणापुढे हात पसरायचे नाहीत. लोकांपुढे माझी कीव केलेली मला चालायची नाही. तो "बरं" म्हणाला. नेव्हिलला गप्प बस सांगणं म्हणजे माशाला पोह सांगणं, तरी सांगितलं.

११ ऑक्टोबर, मंगळवार

आजचं आजच लिहायला हवं.

लांब टेबल. एक न्यायाधीशबाई, बाजूला म्हातारा डॉक्टर. बाई म्हणाल्या, "मिसेस शार्पल्स, कशा आहात?" चार महिने तालीम केली होती! तोंडातून काय निघावं? "तक्रार नाही, मॅडम." विनी तिथे असती तर तिने चपलेने मारलं असतं.

डॉक्टरने बोटं पाहिली. मग सहज विचारलं, "मार्मलेडची बरणी उघडता येते?"

"येते की. आज सकाळीच उघडली."

खरंच उघडली होती!

तेवढ्यात नेव्हिल खाकरला. मी डोळे वटारले. त्याने पाहिलंच नाही.

"नाही साहेब," म्हणाला. "ती मी उघडतो. कामावर निघायच्या आधी. बरणी, सॉसची बाटली, दुधाचं झाकण, वरच्या मजल्यावरची टूथपेस्ट. सगळं उघडतो आणि सैलसर परत लावून ठेवतो. तिच्या कार्डिगनची बटणंही लावून ठेवतो, वरची दोन सोडून. म्हणजे तिला डोक्यावरून घालता येतं. तिला वाटतं, आपण काल तसंच काढलं होतं."

 बाईंनी विचारलं, "हे किती दिवस चाललंय?"

"तीन वर्षं होतील."

तीन वर्षं! मी काम सोडून दीड वर्षही झालेलं नाही. मला कळायच्या आधी ह्याला कळलं होतं.

"तुम्ही यांना सांगितलं नाहीत?"

"ती खुशीत होती, मॅडम," नेव्हिल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

दहा मिनिटं बाहेर बसवलं, मग आत बोलावलं. अपील मंजूर. पंधरा नाही, एकवीस गुण.

परतीच्या बसमध्ये बसलो. मला भयंकर लाज वाटत होती. रागही आला. तीन वर्षं मी आपली ऐटीत, माझं माझं मी करते म्हणून! आणि ह्या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली की खिडकीकडे तोंड करून बसावं लागलं. डेपोपाशी त्याच्या ओळखीचा कुणी तरी ड्रायव्हर खालून हाका मारत होता, "काय नेव्हिल, आज बसमध्ये पाहुण्यासारखा?" त्याने नुसता हात वर केला.

विनीला जिंकल्याचं सांगितलं. कसं जिंकलो ते नाही सांगितलं.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

आज नेव्हिलला सुट्टी. सकाळी टोस्ट झाला, मार्मलेडची बरणी घेतली. झाकण गच्च! दोन्ही हातांनी जोर लावला, फडक्याने धरून पाहिलं, हलेना. तो समोर पेपर वाचत होता. पान उलटत नव्हता.

मी बरणी त्याच्यापुढे सरकवली. "उघडून दे रे," म्हटलं.