उठवायची ओळ

४ मार्च
नवं काम गळ्यात पडलं! ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातला फाइल-कुलपांचा कोड साफ करायचा. एका प्रोग्रामने फाइलला कुलूप लावलं की दुसऱ्याने झोपून वाट बघायची, एवढीच खरं तर गोष्ट. पण ज्याने त्याने येऊन आपलं ठिगळ लावलंय.

घरी आले तर आई — "ताई कधी येणार गं?" टोमणा! ताईचा नि माझा अबोला तिला चांगला ठाऊक आहे. आईला मी माझ्याकडे आणलं तेव्हा ताई म्हणाली होती, "तुला कामापुढे दुसरं काही दिसतं का?" लागलं ते. आधी तिने बोलावं. मी का?

७ मार्च
ढीगभर ओळी उडवल्या. ‘वाट बघणाऱ्यांना उठवा’ ही ओळ तर दोन ठिकाणी होती, एक छाटली. हात शिवशिवतायत नुसते.

८ मार्च
जेवताना आईचा पुन्हा तोच प्रश्न. मी ताटावरून उठले.

१० मार्च
माती खाल्ली! चाचणीचं मशीन जागच्या जागी ठप्प. कुलूप केव्हाच निघालेलं, फाइल मोकळी — आणि एक प्रोग्राम आपला झोपलेलाच. आमचे म्हातारबुवा, म्हणजे या कोडचे मूळ धनी, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "कुलूप काढलंत, छान. झोपलेल्याला कोण सांगणार? त्याला काय स्वप्न पडणार आहे?"

एक ओळ होती कुलूप स्वतःहून काढलं तर, दुसरी कुलूप लावणारा प्रोग्राम मधेच बंद पडला तर. मला दोन्ही सारख्याच दिसल्या. छाटलेली परत घातली. म्हातारबुवा हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

११ मार्च
ताईला फोन करावा? नाक मुठीत धरून? छे!
पण ते मशीन डोक्यातून जात नाही.

१२ मार्च
केला! ताई म्हणते, "अगं, माझा राग कधीच गेला. आईला सांगितलं होतं ना, तिला म्हणावं चुकलं माझं, फोन कर. तुझाच पत्ता नाही! परवा येतेच मी."
म्हणजे आईने मुद्दाम दाबून ठेवलं? संतापले आहे. सकाळी विचारतेच.

१३ मार्च
विचारलं. आई गोंधळून बघत राहिली. "निरोप? कुणाचा गं?"
मग जरा वेळाने, अगदी साधेपणाने — "ताई कधी येणार गं?"
टोमणा नव्हताच तो. कधीच नव्हता.
"उद्या येतेय, आई," म्हटलं. केवढी खूश झाली! चहा होईपर्यंत तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.