तुटलेल्या जबड्याचा आहार

मंगळवार, संध्याकाळ

न्यूट्रिशनच्या एम.एस्सी.त हेच शिकतेय ना, कुणाला किती प्रथिनं द्यायची? आज वॉर्डात मोहोळहून आलेल्या एका बाईचा आहार ठरवायचा होता. नवऱ्यानंच तिचा जबडा फोडलाय. आता तो तारांनी बांधलाय, फक्त पातळ चालतं. गालावर त्याच्या अंगठीची खूण. आणि त्याच अंगठीच्या हातानं तो तिला डाळीचं पाणी पाजत होता.

"म्याडम, हिला ताकद कधी येनार? घरात लई कामं पडल्यात की."

मी पेला हिसकावला आणि त्याच्या तोंडावर फेकला. मला काय झालं होतं? त्यानं माझ्यावर हात उगारला. परत ती अंगठी. मी जागची हलले नाही.

पलंगावर तिनं मात्र डोळे गच्च मिटून गाल झाकला.