वहीतली साखर

ताई,

बाळ सकाळपासून हललं नाही. शेजारच्या काकूंबरोबर दवाखान्यात जातेय. दुकानातून आलीस की तशीच निघ, जेवत बसू नकोस.

गरोदरपणात साखर वाढली म्हणून रोज तपासायची, तर मला धीर यावा म्हणून तू आधी स्वतःचं बोट टोचून साखर बघायचीस, मग माझी. "शिंपिणीला कसली आलीय सुईची भीती!" म्हणायचीस. तू शिलाई मशीनवर बसलीस की मी वहीत तुझाच आकडा माझा म्हणून लिहायचे. खरा लिहिला असता तर इन्सुलिनच्या सुया मागे लागल्या असत्या. डॉक्टरांनी वही बघून शाबासकी दिली गं मला.

घाईत साखरेचं मीटर घरीच राहिलं. मशीनच्या खणात आहे, ते आण. डॉक्टरांना दाखव. त्यात जुने आकडे साठलेले असतात, रोजचे दोन निघतील. मोठा तो माझा.