चिंधीची आंघोळ

तीर्थस्वरूप ताई,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकतात, तेवढी गोड मानून घे.) इकडे मी, ही आणि माझी कंबर असे तिघेही ठीक आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचं सकाळचं चालणं सुरू आहे, की बूट घालून नुसतेच पेपर वाचत बसतात? पत्र बघून दचकू नकोस, वाईट काही नाही. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर मी कुत्र्याचा क जरी काढला तरी तुला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं. गेली कित्येक वर्षं तुझ्या गॅसवर काहीतरी आहेच. तेव्हा आधी गॅस बंद कर, चष्मा घे आणि खुर्चीत बस. लांबलचक आहे.

आमच्याकडे बाईसाहेब आहेत हे तुला ठाऊक आहे. लेकीने बदलीच्या गडबडीत "बाबा, आठच दिवस" म्हणून ठेवलेली कुत्री. त्या आठ दिवसांना या महिन्यात दोन वर्षं झाली. पाय आखूड, केस लांब, आणि आमच्याकडे बघायची तऱ्हा अशी की आम्हीच तिच्याकडे आठ दिवसांसाठी आलोय. हिवाळ्यात तिचं पोट सुटायला लागलं तेव्हा मी सगळं खापर हिच्या लाडांवर फोडलं आणि बाईसाहेबांचं जेवण निम्मं केलं. (त्याबद्दल मला जे ऐकावं लागलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.) शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पोटावरून यंत्र फिरवून सांगितलं, पाच पिल्लं आहेत. बाप समोरच्या बेकरीतला. तो अजूनही आमच्या दारावरून जाताना ओळख दाखवत नाही.

ही घाबरली. मी नाही. मी हिला सांगितलं, अगं, आमचं बालपण चिंधीच्या पिल्लांत गेलंय, मला काय शिकवतेस! आणि खरं सांगतो ताई, तेवढं म्हटलं आणि बाबांचं दुकान डोळ्यांपुढे उभं राहिलं. ते कापडं बेतायचं लांब टेबल, त्याखाली चिंध्यांचं खोकं, नव्या कापडाचा आणि मशीनच्या तेलाचा तो वास. पायरीवर सापडलेली ती कुत्री त्या खोक्यात जाऊन बसली आणि चिंधी झाली. तू दहा वर्षांची, मी सात. पिल्लं ओळखता यावीत म्हणून तू प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा दोरा सैलसर बांधला होतास. आणि बाबा! गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून खलबत्त्यात अंड्यांची टरफलं कुटायचे आणि चिंधीच्या खाण्यात मिसळायचे. पोटात हाडं तयार व्हायची तर हाडांचं सामान नको का, असं म्हणायचे. इतक्या मायेने त्यांनी आपल्यालाही कधी काही कुटून घातलं नाही.

तेव्हा मीही तेच केलं. टरफलं कुटायला कंबर साथ देईना, म्हणून डॉक्टरांनी मला दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या रोज एक याप्रमाणे महिनाभर चुरून बाईसाहेबांना घातल्या. ही म्हणाली, तुमची हाडं तुम्हाला जड झालीत का? मी बधलो नाही. (परिणामी महिनाभर माझ्या हाडांना काहीच मिळालं नाही आणि तिच्या हाडांना सगळं मिळालं. दोन्ही चूक, हे पुढे कळलं.)

पिल्लं आली रविवारी, भर दुपारी. मी घड्याळ दुरुस्तीच्या टेबलावरचा दिवा खाली घेतला, डोळ्याला भिंग लावलं आणि प्रत्येकाची वेळ सेकंदासकट वहीत लिहायला बसलो. चार व्यवस्थित आली. पाचवं अंगठ्याएवढं, आणि हालचाल शून्य. मी भिंगातून त्याचा श्वास शोधत होतो, तेवढ्यात हिने ते माझ्या हातातून हिसकावलं, तोंड-नाक पुसलं आणि टॉवेलात धरून असं खसाखसा चोळलं की लेकीच्या लहानपणीच्या आंघोळी आठवल्या. एक वाजून सतरा मिनिटं चाळीस सेकंदांनी ते चिरकलं. मी वेळ लिहिली. माझा या कार्यातला सहभाग एवढाच.

पण ते थंडगार होतं, आईला लुचेना. ही ड्रॉपरने गाईचं दूध पाजायला निघाली. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला तर त्या ओरडल्याच. आधी ऊब द्या, मग दूध, थंड पिल्लाच्या पोटात दूध पचत नाही. गाईचं नको, पिल्लांच्या दुधाची पावडर मिळते ती आणा. आणि पाजताना पालथं धरा, उताणं नाही, नाहीतर दूध फुप्फुसात जाईल. हिने तोवर ते मांडीवर उताणं घेऊन अंगाईची पहिली ओळ संपवली होती. असो. पाचही पिल्लांना मी दोरे बांधले, बाबांच्या रिळांच्या डब्यातले. (तो डबा माझ्याकडे आहे. तू वाटणीच्या वेळी मागितला होतास, मी हरवला म्हणालो होतो. रागावू नकोस, पुढे याहून मोठं आहे.) सगळ्यात लहान त्याला पांढरा. स्वयंपाकाच्या काट्यावर रोज सकाळी वजनं व्हायची, आणि पांढऱ्याचं वजन वाढलं नाही तर मला चहा मिळायचा नाही. त्याचा नि माझा काय संबंध, ते मी विचारलं नाही.

आता जे सांगतो त्यासाठीच हे पत्र. पिल्लं तीन आठवड्यांची झाली आणि एका दुपारी चहाच्या वेळी बाईसाहेब पिल्लांना टाकून उठल्या. धापा टाकत, पाय लाकडासारखे ताठ करून दोन पावलं चालल्या आणि कोसळून थरथरायला लागल्या. ताई, मी पासष्ट वर्षांचा माणूस त्या क्षणी सात वर्षांचा झालो. ही थरथर मी पाहिली होती. थंडी भरली, दुसरं काय! मी रजई आणली, गरम पाण्याची पिशवी आणली, शेवटी स्वतःची कानटोपी काढून तिला घातली. बाबांनीही हेच केलं होतं, आठवतं? बँकेच्या साहेबांचं न बेतलेलं कोटाचं कापड चिंधीभोवती गुंडाळलं आणि कोळशाची इस्त्री शेजारी आणून ठेवली. तू मशीनखाली पायपट्टीवर बसून होतीस. दिवेलागणीला ती गेली. बाबांनी एकदाच, अगदी हळू विचारलं, "काल आंघोळ कशाला घातलीस गं तिला?"

पुन्हा कधी विचारलं नाही. पण तू त्या दिवशी रडली नाहीस, पिल्लं एकेका गिऱ्हाइकाकडे गेली तेव्हा बघायला आली नाहीस, आणि त्यानंतर रस्त्यात कुत्रं दिसलं की तू पलीकडच्या बाजूने चालायला लागलीस. मी पाहिलंय. सगळ्यांना वाटतं तू घाबरतेस.

तर इकडे हिने बाईसाहेबांच्या कानाला हात लावला आणि रजई भिरकावून दिली. "अहो, थंडी कसली, भाजतेय ही!" शेजाऱ्यांच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. ताप एकशे सहा. डॉक्टरीणबाईंनी एका हाताने छातीवर नळी धरली आणि दुसऱ्या हाताने शिरेतून थेंब थेंब औषध सोडायला घेतलं. घाईने दिलं तर हृदयच थांबतं म्हणे. मला म्हणाल्या, घड्याळ बघा, वीस मिनिटं लागायला हवीत. मी आयुष्यात इतक्या निष्ठेने घड्याळ बघितलं नाही. (माझं घड्याळ बंद पडलेलं होतं, हे सात मिनिटांनी हिच्या लक्षात आलं. नंतर भिंतीवरच्याकडे बघितलं.) हळूहळू थरथर कमी झाली. बाईसाहेबांनी डोकं उचललं, आपल्या डोक्यावर माझी कानटोपी आहे हे त्यांना कळलं, आणि त्यांनी माझ्याकडे जे बघितलं त्याने मला हसू फुटलं. ही म्हणते मी रडत होतो. भिंग लावून लावून डोळ्यांना पाणी येतं, हे हिला चाळीस वर्षांत पटलेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पोटुशी असताना काय काय दिलंत? मी छाती फुगवून गोळ्यांचं सांगितलं. त्यांनी चष्माच काढला. म्हणाल्या, तिथेच चुकलं. बाहेरून आयतं मिळत राहिलं की शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढायचं विसरतं. मग पिल्लं दूध ओढायला लागली की रक्तातलं एकदम संपतं, अंग ताठ होतं, थरथर सुटते, ताप चढतो. वर तुम्ही रजई घातलीत! मी खाली मान घालून ऐकलं. मग विचारलं, आंघोळीने असं होतं का? त्या म्हणाल्या, नाही. मी विचारलं, थंड पाण्याने घातली तर? नाही. कपड्यांचा साबण लावला तर? तेव्हा त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, कोणी कोणाला आंघोळ घातली होती?"

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, चिंधीला मी तपासलेलं नाही, पण तीन आठवड्यांची पिल्लं, रोज टरफलं आणि ही थरथर म्हणजे दुसरं काय असणार? आंघोळीचा काही संबंध नाही, हे त्या मुलीला सांगा.

म्हणून सांगतोय. बाबांवरही राग धरू नकोस. त्यांनी मायेने कुटलं होतं, आणि त्यांना कधीच कळलं नाही ते बरंच झालं. बाईसाहेब ठणठणीत आहेत. पिल्लं आधी बाटलीवर होती, आता मऊ खाणं खातात आणि माझ्या चपला खातात. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. चार पिल्लांची सोय झाली. (लाल दोरा बेकरीवाल्याने नेला, म्हणजे बापाने निदान एक तरी पत्करला.) पांढऱ्याला ही परक्याकडे द्यायला तयार नाही आणि आमच्या घरात आणखी एकाची हुकमत मला झेपायची नाही. तो तुझ्याकडे यावा असं मला वाटतं. भावोजींना कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात, हे तू लग्नापासून सांगत आलीस. मी परवा त्यांना फोन केला. त्यांना आयुष्यात कधी कुत्र्यामुळे शिंक आली नाही. तू म्हणतेस म्हणून ते मान डोलावतात.

ता. क. २. डब्याहून मोठं म्हणालो होतो ते हे. आदल्या दिवशी मशीनच्या तेलाची बाटली चिंधीच्या अंगावर मी सांडली होती. मला मार बसू नये म्हणून तू तिला धुतलीस. बाबांनी विचारलं तेव्हा मी टेबलाखालीच होतो आणि तू माझं नाव घेतलं नाहीस. तू माझ्यासाठी गप्प बसलीस आणि मी माझ्यासाठी. अठ्ठावन्न वर्षं झाली. चुकलो, ताई.

ता. क. ३. डॉक्टरीणबाई म्हणतात, दोन महिने होईपर्यंत पिल्लाला पाणी लावू नका. पांढऱ्याचे दोन महिने येत्या बारा तारखेला पूर्ण होतात. मग घाल आंघोळ. खुशाल घाल.