वेगवाल्या रायभानकडे मैदान सोपवण्याबाबत

मी, दिनकरराव मुंजाजी अंभुरे, वय ७३, निवृत्त क्रीडाशिक्षक, राहणार बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. कोणाचा दबाव नाही, डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांच्या मते हृदय हळू चालते. हळू चालते, पण नीट चालते. वेगापेक्षा तंत्र मोठे, याला आणखी पुरावा नको.

१. राहते घर पत्नी नर्मदाबाई हिला. तिने माझे फुटबॉलचे बूट जन्मभर घराबाहेर ठेवायला लावले. यापुढे तिची मर्जी.

२. शिवारातली कोरडवाहू जमीन मुलगा महारुद्र यास. शाळेमागचा तुकडा, ज्याला गाव मैदान म्हणते, तो मात्र त्याला नाही. त्याला तिथे प्लॉट पाडायचे आहेत. "बाबा, पोरं काय, कुठंबी खेळतेत," असे तो म्हणतो. तो स्वतः कुठेच खेळला नाही.

३. ते मैदान गावच्या पोरापोरींना खेळायला राहील. ताबा व देखभाल रायभानकडे. रायभान मेंढपाळाच्या घरचा, माझ्या जोडीने मुलांना खेळ शिकवणारा. आमचा वाद जुना आहे. मी म्हणतो, आधी चेंडू पायात बसला पाहिजे. तो म्हणतो, पाय शिकवता येतात, पळणे आईच्या पोटातून आणावे लागते. संघ निवडताना तो मैदानात शेळीचे करडू सोडतो. जे पोर करडू धरील ते संघात. पावसाळ्यात काळी माती बुटाला धरते, त्याची पोरे रुततात आणि मी बरोबर ठरतो. उन्हाळ्यात भेगांवरून चेंडू कुठेही उडतो, तेव्हा तो बरोबर ठरतो.

४. परभणीच्या अंतिम सामन्यात त्याची नात चंदा एकटीच गोलसमोर पोचली. तो ओरडला, "पळ चंदे, पळ!" मी ओरडलो, "थांब, आधी चेंडू अडव!" तिने दोघांचेही ऐकले. ती तोंडावर पडली आणि चेंडू रेषेबाहेर गेला. तेव्हापासून पोरगी मैदानावर येत नाही. याचे मला फार वाईट वाटते. रायभान आणि मी बोलत नाही. एका गोलामागे तो उभा राहतो, दुसऱ्यामागे मी. निम्मी चूक त्याची आहे. उरलेल्या निम्मीची नोंद करण्याचे कारण नाही.

५. ताब्याची अट अशी, की पोरांना आधी चेंडू शिकवावा, मग पळवावे. तो ही अट पाळणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मैदान त्याच्याकडेच. भर उन्हात पोरांसाठी तिथे उभा राहणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

६. माझ्या तिरडीला रायभानने पुढचा खांदा देऊ नये. तो पळेल आणि बाकीच्यांची फरपट होईल. मागचा द्यावा. तो आल्याशिवाय मला उचलू नये.

७. कलम ३ ते ६ रायभानला आजच वाचून दाखवावीत. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. तेवढा धीर मला नाही.

(सही) दिनकरराव मुंजाजी अंभुरे
बोरी, दि. १९ जानेवारी २०२५

साक्षीदार
१. योगीराज चौधरी (सही)
२. पंडित कदम, सरांचा जुना गोलकीपर (सही)

साक्षीदार क्र. २ ची नोंद: वरील कलमे रायभानमामांना मैदानावर वाचून दाखवली. मामा म्हणाले, "मरायलाय बी सावकाशच. त्याला म्हणावं, सांजच्याला चंदाला घिऊन येतो. शिकव तिला चेंडू. म्या तोंड उघडीत न्हाई, त्यानंबी उघडू न्हाई."