त्या मुली चूक नव्हत्या

सर, मालवणला आमच्या स्वयंपाकघरात तुम्ही बांगड्याचे काटे काढत होतात आणि आई वाढत होती. "घेवा हो, लाजतास कित्याक?" तुम्ही हसून आणखी भात घेतलात. ती दुपार मला अजून प्रिय आहे. पण जेवण आटोपल्यावर त्याच टेबलावर तुम्ही जे केलंत, ते मी माफ केलेलं नाही.

तुम्ही मानसशास्त्राचे प्राध्यापक, मी तुमची मदतनीस. किनाऱ्यावरच्या शाळांत आपण मुलींच्या चाचण्या घेत होतो, आणि तुम्ही शिफारस कराल तिला वसतिगृहात राहून पुढे शिकता येणार होतं. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्याची एक मुलगी मला अजून दिसते. पुस्तकी मराठीतला उतारा समोर आला की ती मान खाली घालते. चित्राचे तुकडे दिले की भराभर जुळवते आणि विचारते, "बाई, आजून असला आसा काय?" भाषेत तळाला, आकृत्यांत सगळ्यांच्या वर. तुम्ही गुणांची सरासरी काढलीत, ती थोडी कमी भरली, आणि तुम्ही तिच्या नावावर रेघ मारलीत.

मी प्रत्येक मुलीचं एक कार्ड केलं होतं, तिच्या सगळ्या गुणांची मिळून एक रेषा. तुम्ही चाचणीशी चाचणी ताडत होतात, मी मुलीशी मुलगी ताडून पाहिली. किनाऱ्यावरच्या कितीतरी जणींची रेषा एकाच वळणाची निघाली: भाषेत खाली, आकृत्यांत वर. तुमच्या सरासरीसारखी मुलगी मात्र त्यांत एकही नव्हती. त्या दुपारी जेवणानंतर ती कार्डं मी टेबलावर मांडली, आणि तुम्ही म्हणालात:

"अहो बाई, आपण शास्त्र करतोय की पत्रिका जुळवतोय? आणि तुम्हां ख्रिस्ती लोकांत पत्रिका तरी असते का?"

"मग या मुली कोण, सर?"

"एरर. मोजमापात थोडी चूक राहतेच."

हाडामासाच्या मुलींना तुम्ही चूक म्हणालात, आणि वर आईकडे सोलकढी मागितलीत. ती मुलगी पुढे शिकली नाही. कसालच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची, मला पाहिलं की तोंड फिरवायची. तुमच्या प्रबंधात ती दशांशाच्या शेवटच्या घरातही नाही. पुढे माणसांचे असे गट पाडणं हेच शास्त्र ठरलं, तेव्हा तुम्ही हयात नव्हतात. भांडायला माणूसच उरला नव्हता.

आता माझंही वय झालं. भाचीला सांगून ठेवलंय: मी गेल्यावर तुमच्या प्रबंधाची प्रत कॉलेजला, तुम्ही दिलेली आकडेमोडीची स्लाइड रूल तुमच्या नातवाला. कार्डं कॉलेजला द्यायची नाहीत. जिचं तिला, ती नसेल तर तिच्या मुलांना. रापणकाराच्या मुलीचं मी स्वतः नेऊन देणार आहे, तिने तोंड फिरवलं तरी. हे पत्र कुणालाच द्यायचं नाही. एवढा राग काढला, पण तुम्हाला 'सर' सोडून दुसरं काही म्हणणं मला अजून जमत नाही.